जुन्या इंग्रजी गद्यातील शब्दजोड्या

जुन्या इंग्रजी गद्यात एकच आशय दोन शब्दांनी सांगण्याची रीत जागोजाग आढळते. मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’, जंगम मालमत्तेला ‘गुड्स अँड चॅटल्स’, रद्दबातल कराराला ‘नल अँड व्हॉइड’ म्हणतात. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आणि इंग्रजी बोलणारी रयत या दोघांनाही कळावे म्हणून अशा जोड्या जमल्या, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ‘विल’ इंग्रजी आणि ‘टेस्टामेंट’ लॅटिन. ‘गुड्स’ इंग्रजी आणि ‘चॅटल्स’ फ्रेंच. पण ‘नल अँड व्हॉइड’मधले दोन्ही शब्द फ्रेंचमार्गे आलेले आहेत, तर ‘टू हॅव अँड टू होल्ड’मधले दोन्ही अस्सल इंग्रजी.

मुळात ही रीत नॉर्मनांच्या आधीची आहे. बीड या इंग्रज भिक्षूने 731 मध्ये लॅटिनमध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडच्या धर्मेतिहासाचे पुढे जुन्या इंग्रजीत भाषांतर झाले. त्यात एका लॅटिन शब्दासाठी अनेकदा दोन देशी शब्द योजलेले आहेत. जमिनीच्या दानपत्रांत आणि राजाज्ञांत ‘सॅक अँड सॉक’ (स्थानिक न्यायाधिकार) यांसारख्या अनुप्रासयुक्त जोड्या ठरलेल्या असत. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन (मृत्यू 1023) प्रवचने लिही आणि एथेलरेड व कनूट या राजांसाठी कायद्यांचे मसुदेही करी. त्यामुळे त्याच जोड्या आणि तीच लय दोन्हींकडे सापडते. मजकूर वाचण्यापेक्षा ऐकला जास्त जाई, आणि ठेक्यात बसलेले शब्द कानात टिकत.

नॉर्मन विजयाने ही रीत निर्माण केली नाही. तिला शब्दांचा नवा साठा पुरवला. 1362 च्या कायद्याने न्यायालयांत इंग्रजीतून बाजू मांडण्याची सोय झाली, पण नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या आणि वकिलांची फ्रेंचही सुटली नाही. एखादा शब्द गाळला तर हक्क बुडेल, या धास्तीने लेखनिक जुन्या दस्तातले सगळे शब्द नव्या दस्तात उतरवीत. मोबदला मजकुराच्या लांबीवर मिळत असल्याने काटछाट कोणाच्याच सोयीची नव्हती. 1596 मध्ये एका दाव्यात सोळा कागदांत मावणारे निवेदन एकशेवीस कागदांवर लिहून आले. चॅन्सरी न्यायालयाने त्या कागदांना मध्यभागी भोक पाडून ते लिहिणाऱ्याच्या गळ्यात अडकवावेत आणि त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये फिरवावे, असा हुकूम दिला.

सोळाव्या शतकात या सवयीला शाळेचे पाठबळ मिळाले. डच विद्वान इरॅस्मसच्या 1512 च्या लॅटिन पाठ्यपुस्तकात एकच वाक्य शंभराहून अधिक प्रकारे मांडून दाखवले होते. विद्यार्थी आवडलेले शब्दप्रयोग वहीत टिपून ठेवत आणि आपल्या लेखनात वापरत. 1549 चे इंग्लिश चर्चचे प्रार्थनापुस्तक घडवताना आर्चबिशप क्रॅन्मरने लॅटिनमधल्या एका शब्दाच्या जागी पुष्कळदा इंग्रजी जोडी ठेवली. ती दर रविवारी चर्चमध्ये ऐकू येऊ लागल्याने निरक्षरांच्याही तोंडी बसली. जॉन लिलीने ‘युफ्यूज’ या गद्यकथेत (1578) समतोल वाक्ये आणि अनुप्रास इतके ताणले, की काही वर्षांतच त्या शैलीची थट्टा सुरू झाली.

दस्तऐवजी जोड्या समुद्रापारही गेल्या. 1606 मध्ये व्हर्जिनियाच्या सनदेत जमीन ‘फ्री अँड कॉमन सॉकेज’ या जमीनधारणेच्या पद्धतीने, ईस्ट ग्रिनिच या जहागिरीचा भाग मानून दिली होती. 1668 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने वर्षाला दहा पौंड खंडावर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली, तेव्हाच्या सनदेतही तीच जोडी आणि तीच जहागीर आली.

त्याच सुमारास उलटा प्रवाह सुरू झाला होता. टॉमस स्प्रॅटने 1667 मध्ये रॉयल सोसायटी या वैज्ञानिक संस्थेच्या इतिहासात साध्या, मोजक्या भाषेचा आग्रह धरला. वैज्ञानिक लेखनातून जोड्या ओसरल्या, पण अठराव्या शतकात सॅम्युअल जॉन्सनच्या निबंधांत तोलून मांडलेल्या शब्दजोड्या पुन्हा दिसतात. न्यायालयांच्या नोंदीही इंग्रजीतच हव्यात, असा 1731 चा कायदा 1733 मध्ये लागू झाला. तरी दस्तांतल्या जोड्या तशाच राहिल्या. न्यायालयांनी अर्थ ठरवून दिलेला शब्द बदलण्यात जोखीम असल्याने मृत्युपत्रे आणि करार यांत त्या आजही आढळतात.