तळटीप १४ : नाण्यावरची पंखवाली

१४. ही रोमनांची विजयदेवता व्हिक्टोरिया, ग्रीकांची नाइकी. एका हातात पानांचा मुकुट, दुसऱ्यात खजुरीची फांदी, कधी पायाखाली पृथ्वीगोल. पाचव्या शतकातल्या सॉलिडसवर (सुमारे साडेचार ग्रॅमचे सोन्याचे नाणे) मात्र तिच्या हाती लांब क्रूस येतो. लेखक तिला देवदूत समजले ते त्यामुळेच. ख्रिस्ती सम्राटांनी बाकीच्या देवता नाण्यांवरून हटवल्या, हिला तेवढी ठेवून घेतली. विजय कोणाला नको असतो?

अशी नाणी कर्नाटकात अक्की आलूरला सापडली आहेत. दक्षिणेत मिळालेल्या बऱ्याच नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोके असतात. व्हेनिसच्या मोहरांची आपल्याकडे पुतळ्यांची माळ झाली, तशीच हीही गळ्यात गेली.

पुण्याच्या जुन्या बाजारात कोणी ‘रोमन’ म्हणून नाणे पुढे केले, तर आधी भिंगातून कड पाहावी. खरे नाणे ठोकून पाडलेले असते. कडेभोवती सांध्याची रेघ दिसली की ते साच्यात ओतलेले समजावे. अस्सल निघालेच, तर १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे ते खाजगीरीत्या परदेशी विकता येत नाही. – संपा.