तरणतलावातील लेन

तरणतलावाच्या दोन टोकांना ताणून बांधलेल्या दोरांमधली पाण्याची लांबट पट्टी म्हणजे लेन. कागदोपत्री तिला मार्गिका म्हणतात, काठावर ऐकू येतो तो शब्द लेनच. स्पर्धेत एका लेनमध्ये एकच जलतरणपटू असतो. सार्वजनिक तलावात मात्र त्याच पट्टीत चार, सहा, कधी आठ जण पोहत असतात आणि एकमेकांना न धडकता कसे पोहायचे याचे काही संकेत पाळतात. हे संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असावेत असे वाटते, पण ते तसे जुने नाहीत. सार्वजनिक तलाव सुरू झाले तेव्हापासून शंभरेक वर्षे तिथले पाणी माणसांच्या पोहण्यावरून नव्हे, तर माणसांवरूनच वाटले जात होते. एकाच पाण्यात वेगाप्रमाणे वाटणी होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

नगरपालिकेने लोकांसाठी बांधलेला पहिला मोठा स्नानतलाव इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या धक्क्यालगत १८२८ मध्ये सुरू झाला. त्याचे नाव सेंट जॉर्जेस बाथ्स, आणि पाणी समुद्राचे. पुढे कॉलऱ्याच्या साथींनी गिरणगावांतल्या अस्वच्छतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने स्नानगृहे आणि धुण्याच्या जागा बांधण्यासाठी स्थानिक कराचा पैसा वापरण्याची मुभा देणारा कायदा केला. त्याचा हेतू कामगारांना अंघोळ घडवण्याचा होता, पोहणे शिकवण्याचा नव्हता. पोहण्याच्या बंदिस्त तलावांना कायद्यात स्पष्ट जागा मिळाली ती १८७८ च्या दुरुस्तीने. त्यामुळे सुरुवातीच्या तलावांत लोक डुंबत, शिंतोडे उडवत, कडेकडेने हातपाय मारत. या टोकापासून त्या टोकापर्यंत नेटाने पोहणारा विरळाच. जिथे ये-जा नाही तिथे रस्ता कशाला लागेल? लेनची गरज कोणालाही भासली नाही.

वाटणी मात्र होती, आणि काटेकोर होती. तलाव पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे असत. गाळणयंत्रे आणि क्लोरीन येण्यापूर्वी तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा आणि उपसून पुन्हा भरायचा अशी पद्धत होती. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे. पाणी गढूळ होत जाई तसतसा दर उतरे. गरिबांच्या वाट्याला पाण्याचा शेवटचा दिवस येई. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये ही व्यवस्था इमारतीतच कोरलेली दिसते. १९०६ मध्ये उघडलेल्या या देखण्या वास्तूत तीन तलाव आहेत: पुरुषांचा पहिला वर्ग, पुरुषांचा दुसरा वर्ग आणि स्त्रियांचा. प्रत्येकाचे प्रवेशद्वार वेगळे, आणि दरवाजांवर तसे दगडात खोदलेले. पहिल्या वर्गाच्या तलावातले वापरलेले पाणी दुसऱ्या वर्गाकडे आणि तिथून स्त्रियांच्या तलावात सोडले जाई. पाणी वाहायला उतार लागतो. इथला उतार प्रतिष्ठेचा होता. स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्याची सोय तिथे १९१४ मध्ये सुरू झाली, तीही रविवारपुरती.

पाणी गाळून निर्जंतुक करणे शक्य झाल्यावर वर्गवारीमागचे स्वच्छतेचे कारण उरले नाही आणि दोन महायुद्धांमधल्या काळात स्त्री-पुरुषांचे वेगळे तलावही कमी होत गेले. अमेरिकेत मात्र याच सुमारास दुसरी भिंत उंच झाली. स्त्री-पुरुष एका तलावात उतरू लागताच कृष्णवर्णीयांना तिथून दूर ठेवण्याचा आग्रह वाढला. सेंट लुईस शहराने २१ जून १९४९ रोजी आपले तलाव सर्वांना खुले केले. त्याच दिवशी फेअरग्राउंड पार्कच्या विस्तीर्ण तलावावर पोहायला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांना जमावाने घेरले, मारहाण झाली, आणि महापौरांनी तातडीने जुनी बंदी परत आणली. ती पुढे न्यायालयाने उठवली. ऑस्ट्रेलियातल्या मोरी गावाच्या नगरपालिकेने आदिवासींना तलावबंदी केली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये आदिवासी विद्यार्थीनेते चार्ल्स पर्किन्स आणि त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी बसने तिथे पोहोचले आणि आदिवासी मुलांना घेऊन तलावाच्या दाराशी उभे राहिले.

मुंबईतही अशी बंदी होती. ब्रीच कँडीच्या समुद्रकाठचा तलाव युरोपीयांपुरता राखलेला होता आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे भारतीयांना तिथे सरसकट प्रवेश नव्हता. त्यातल्या मोठ्या तलावाचा आकार अखंड भारताच्या नकाशाचा आहे, हा विनोद कोणी मुद्दाम केला नसावा. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा झगडा महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होता, पण तो पोहण्याचा नव्हता, तहानेचा आणि माणुसकीचा होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि तळ्यावरच्या हक्काचा न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले. पोहण्याच्या लेनची गोष्ट त्यापुढे क्षुल्लक आहे. पण कोणत्याही तलावात ‘कोणी आत यायचे’ हे मिटल्याशिवाय ‘आत आल्यावर कसे पोहायचे’ हा प्रश्न उभा राहत नाही, एवढा संबंध आहे.

लेन आली ती स्पर्धेतून. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यती उघड्या खाडीत झाल्या, १९०० मध्ये पॅरिसच्या सेन नदीत. लंडनच्या १९०८ च्या स्पर्धेसाठी धावपट्टीच्या आतल्या मैदानात शंभर मीटर लांबीचा हौद बांधला गेला. त्याच वर्षी तिथे आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाचीही स्थापना झाली. १९१२ ची स्टॉकहोमची स्पर्धा पुन्हा बंदराच्या पाण्यात गेली. आजच्या अर्थाने लेन दिसल्या त्या १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तुरेल इथल्या पन्नास मीटरच्या तलावात. तळाशी गडद रेघा आणि पृष्ठभागावर बुचाचे तरंगते गोळे ओवलेले दोर, असा तो बंदोबस्त होता. अमेरिकेच्या जॉनी वाइसमुलरने तिथेच पोहण्यात तीन सुवर्णपदके मिळवली.

तळाची रेघ ही दोरापेक्षा मोठी सोय. पाण्यात तोंड खाली घालून पोहणाऱ्याला समोरचे दिसत नाही, आणि बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा जोरकस असल्याने माणूस नकळत एका बाजूला सरकतो. रेघेने तो सरळ राहतो. भिंतीच्या दोन मीटर आधी ही रेघ संपते आणि तिथे आडवी पट्टी असते. ती दिसली की वळायची तयारी करायची. उताणे पोहणाऱ्याला तळ दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी भिंतीपासून पाच मीटरवर डोक्यावर पताकांची माळ टांगलेली असते. सराव झालेला पोहणारा पताकांनंतरचे हात मोजतो आणि भिंतीला डोके न आपटता वळतो.

बुचाच्या दोराने हद्द दाखवली, लाटा अडवल्या नाहीत. शेजाऱ्याने हात मारला की उसळलेले पाणी पलीकडच्याच्या तोंडात जाई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकणारे अमेरिकेचे अ‍ॅडॉल्फ कीफर पुढे पोहण्याच्या साहित्याच्या धंद्यात पडले. त्यांनी १९६० च्या दशकात प्लास्टिकच्या फिरत्या चकत्यांचा दोर बाजारात आणला. लाट चकतीवर आदळते, चकती फिरते आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. आजच्या तलावांतले रंगीत दोर याच कल्पनेचे वंशज आहेत. स्पर्धेची लेन अडीच मीटर रुंद असते. आठ लेनच्या तलावात मधल्या दोन लेन पिवळ्या दोरांच्या, दोन्ही कडांच्या हिरव्या आणि उरलेल्या निळ्या. भिंतीजवळचे पाच मीटर सर्वत्र लाल.

एका लेनमध्ये अनेकांनी पोहण्याची रीत मात्र स्पर्धेची नव्हे, सरावाची देणगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशिक्षकांनी धावपटूंकडून टप्प्याटप्प्याने सराव करण्याची पद्धत उचलली. एकदम लांब पल्ला न पोहता शंभर मीटर जोरात, थोडी विश्रांती, पुन्हा शंभर मीटर, असे दहा वेळा. विश्रांती मोजायला काठावर मोठ्या सेकंदकाट्याचे घड्याळ आले. त्याचे श्रेय कधी अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातले जेम्स काऊन्सिलमन यांना, तर कधी ऑस्ट्रेलियाचे फोर्ब्ज कार्लाईल यांना दिले जाते. आता हिशेब पाहावा. सहा लेनच्या तलावात लेनमागे एक धरला तर सहा जण सराव करतील. प्रत्येक लेनमध्ये आठ जणांना एका बाजूने जायला आणि दुसऱ्या बाजूने यायला लावले, तर अठ्ठेचाळीस. संघ मोठे, तलाव कमी, त्यामुळे लेनमधली ही गोल फेरी सर्वत्र रुळली.

गोल फेरीबरोबर बाकीचे नियमही आपोआप आले. सर्वांत वेगवान पुढे, त्याच्यामागे उतरत्या क्रमाने इतर. घड्याळाचा काटा वर आला की पहिला निघतो, पाच किंवा दहा सेकंदांनी दुसरा. मागच्याने पुढच्याला गाठलेच तर पायाला एकदा हलका स्पर्श करायचा. पुढच्याने मधेच थांबायचे नाही, भिंतीपर्यंत जाऊन कोपऱ्यात सरकायचे आणि मागच्याला वाट द्यायची. दम घ्यायचा तो कोपऱ्यात, कारण भिंतीचा मधला भाग वळणाऱ्यांसाठी मोकळा हवा. आज ज्याला तलावाचा शिष्टाचार म्हणतात तो मुळात प्रशिक्षकाची व्यवस्था होती. त्यात सौजन्याचा भाग कमी आणि वेळापत्रकाचा जास्त.

हा सराव सामान्य माणसापर्यंत आला १९७० च्या आसपास. प्रौढांसाठी पोहण्याची चळवळ अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमारिलो इथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. याच दशकात डोळ्यांना चपखल बसणारे गॉगल सर्रास वापरात आले. त्याआधी क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास पोहले की डोळे लाल होत, त्यामुळे सामान्य माणसाच्या फेऱ्यांना निसर्गानेच मर्यादा घातली होती. गॉगलने ती उठवली. नोकरीआधी तासभर फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी तलावांवर वाढली, आणि डुंबणाऱ्यांपासून त्यांना वेगळे काढण्यासाठी सार्वजनिक वेळेतही दोर ताणले जाऊ लागले.

ब्रिटनमधल्या तलावांवर लेनच्या तोंडाशी पाट्या असतात: हळू, मध्यम, जलद. पाटीवर दिशा दाखवणारा बाणही असतो, आणि शेजारशेजारच्या लेनमधले बाण उलटसुलट असतात. यात खोच आहे. सर्व लेनमध्ये एकाच दिशेने फेरी ठेवली, तर दोराच्या अलीकडचा आणि पलीकडचा पोहणारा समोरासमोरून येतात आणि हातावर हात जोरात आदळतो. एक लेन घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि पुढची उलट ठेवली, की दोराच्या दोन्ही बाजूंचे पोहणारे एकाच दिशेला जातात. अमेरिकेत सहसा अशी अदलाबदल नसते. तिथे रस्त्यासारखेच पाण्यातही उजवीकडून जातात. ऑस्ट्रेलियात डावीकडून. वाहतुकीचा कायदा पाण्यात लागू नाही, पण अंगवळणी पडलेली बाजू पाण्यात उतरल्यावरही सुटत नाही.

लेनमध्ये दोघेच असतील तर गोल फेरीची गरज पडत नाही. दोघे दोन बाजू वाटून घेतात. अडचण तिसरा आल्यावर होते. तो न सांगता मधोमध घुसला तर टक्कर ठरलेली, म्हणून त्याने भिंतीशी थांबून, दोघांच्याही नजरेस पडून, मगच सुरुवात करायची असा संकेत आहे. पाण्यात शिरायचे तेही काठावरून पाय आधी सोडून. सूर मारून नव्हे. पोहण्याच्या प्रकारांमुळेही कुरबुरी होतात. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ बाजूला रुंद जाते, बटरफ्लायला दोन्ही हातांची पूर्ण रुंदी लागते, उताणा पोहणारा पुढचे पाहूच शकत नाही. गर्दीच्या लेनमध्ये बटरफ्लाय करणारे म्हणूनच समोरून कोणी आले की एका हाताने पोहतात. सर्वांत जास्त तंटे मात्र वेगाच्या पाटीवरून होतात. ‘मध्यम’ म्हणजे किती हे पाटी सांगत नाही, आणि स्वतःला हळू समजणारा माणूस दुर्मिळ.

महाराष्ट्रात पोहणे रुजले ते विहिरीत आणि नदीच्या डोहात. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून शिकायचे, मग काठावरून सूर नाहीतर मुटका मारायचा, वर यायचे, पायऱ्या चढून पुन्हा उडी. हे पोहणे उभ्या पाण्याचे. त्याची सारी शिस्त एवढीच की खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्याने उडी टाकायची नाही. शहरांत नगरपालिकांचे तलाव झाले तेव्हा त्यांनी पाणी दोराने न वाटता घड्याळाने वाटले. बॅच ही इथली खरी लेन. पाऊण तासाची किंवा तासाची बॅच, शिकणाऱ्यांची वेगळी, सभासदांची वेगळी, आणि खास स्त्रियांची लेडीज बॅच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी स्नानगृहांतली वेळेची विभागणी अशी अजून टिकून आहे, मात्र त्या काळची वर्गवारी मागे टाकून.

दोर बहुधा स्पर्धेच्या वेळी किंवा क्लबच्या मुलांच्या सरावासाठी लागतात. एरवी त्याच पाण्यात कोणी लांबीने फेऱ्या मारतो, कोणी रुंदीने, कोणी उथळ कडेला गप्पा मारत उभा राहतो, आणि फेऱ्या मारणारा त्यांच्यातून वाट काढत जातो. जिथे सभासदांसाठी एक-दोन लेन राखलेल्या असतात तिथे डावीकडून जाण्याची पद्धत आढळते. ती पाटीवर क्वचितच लिहिलेली असते, नवा माणूस दोन-तीन धडकांनंतर शिकतो. त्याखेरीजचे सगळे जीवरक्षकाच्या शिट्टीवर चालते. लांब शिट्टी झाली की बॅच संपली. पाण्यातले बाहेर येतात आणि शॉवरखाली भिजून उभी असलेली पुढची बॅच उतरते.