शीर जेवली, आतडं उपाशी

१९८८ साली शिकागोच्या सर्जन मंडळींनी उंदरांना दोन आठवडे नुसतं शिरेतून पोसलं. शेवट त्यांनी मोजला. मधल्या तासांत आतड्यात काय घडत असणार, ते इतरांच्या प्रयोगांवरून जुळवलंय.

उरले ३३६ तास. मानेच्या शिरेत बारीक नळी. थेंब पडू लागतात : ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं. कॅलरीत कसर नाही. फक्त खाद्याची वाटी उचललेली.

उरले ३२४ तास. कुरतडणं बंद, म्हणून लाळही कमी. लाळेतून ईजीएफ हा वाढघटक आतड्यात उतरतो. स्टॅन्ली कोहेन यांना तो मुळात उंदराच्या लाळग्रंथींतच सापडला, पुढे १९८६ चं नोबेलही मिळालं.

खाली, लहान आतड्याच्या टोकाला आणि मोठ्या आतड्यात, एल-पेशी वाट बघतायत. अन्न पोचलं की त्या जीएलपी-२ सोडतात, आणि अस्तराला वाढायचा निरोप मिळतो. हा निरोप रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतो. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचा शेंडा छाटतं. म्हणजे तो सारखा यायला हवा. आज आलेला नाही. (१९८८ त हे कुणाला ठाऊकच नव्हतं. जीएलपी-२ मुळे अस्तर वाढतं हे टोरांटोच्या डॅनिएल ड्रकर यांनी १९९६ साली दाखवलं.)

उरले २६४ तास. उंदराच्या आतड्याचं अस्तर दोन-तीन दिवसांत नवं होतं, त्यामुळे तूटही लगेच दिसते. पेशी झडतात तितक्या तयार होत नाहीत. मखमलीच्या लवेसारखे उभे असलेले अंकुर बुटके होतात, सगळ्यात जास्त लहान आतड्याच्या वरच्या भागात. माणसात ही झीज बरीच सौम्य असते. उंदरावरून थेट माणसावर उडी मारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हाच उंदीर १९९७ साली सिनसिनाटीत असता तर? तिथे त्याच सलाइनमधून जीएलपी-२ दिलं, आणि अस्तराची झीज टळली. पुढे त्या रेणूतलं एकच अमिनो आम्ल बदलून, अॅलानिनच्या जागी ग्लायसिन बसवून, डीपीपी-४ ची कात्री बोथट केली. ते औषध टेडुग्लुटाइड. आतडं आखूड झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत २०१२ साली त्याला मंजुरी मिळाली.

आपल्या उंदराच्या पिशवीत यातलं काही नाही.

उरले १६८ तास. ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचं आवडतं इंधन, पण द्रावणात ते टिकत नाही, म्हणून तेव्हाच्या नेहमीच्या पिशव्यांत नसायचंच. आतड्यात पहारा देणारं आयजीए हे प्रतिपिंड घटतं. बॅक्टेरिया फोफावतात.

शून्य. आतड्याशेजारच्या लसिकाग्रंथी काढून, कुटून, आगरच्या ताटल्यांवर पसरतात. शिरेतून पोसलेल्या दर तीन उंदरांपैकी दोघांच्या ग्रंथींत आतड्यातून निसटलेले बॅक्टेरिया. तेच द्रावण तोंडाने प्यायलेल्यांत तिघांपैकी एकाच्या. साधं खाद्य कुरतडणाऱ्यांच्या ताटल्या कोऱ्या.