सुतार की झोपडी आणि न दिसणारा सांधा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणाऱ्या शाळेच्या सहलींचा बहुतेक वेळ कैलास लेण्यात जातो, आणि त्यात गैर काही नाही. पण दहाव्या क्रमांकाच्या लेण्यासाठी अर्धा तास अवश्य राखून ठेवावा. या लेण्याला 'विश्वकर्मा' म्हणतात. त्याचे दुसरे नाव 'सुतार की झोपडी'. सातव्या शतकातले हे बौद्ध चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आतली मूर्ती उपदेश करणाऱ्या बुद्धाची. पण पुढच्या काळात सुतारमंडळी तिला आपला विश्वकर्मा मानून दर्शनाला येऊ लागली.

हे नाव का पडले, ते मान वर केली की कळते. छताला ओळीने कमानदार वासे आहेत, जणू उलट्या नावेच्या फासळ्याच. पण यात लाकडाचा एक कपचाही नाही. सगळे एकाच कातळातून कोरून काढलेले. डोंगराचे छत तोलायला वाशांची गरज नसते. मग पाथरवटाने ही मेहनत कशासाठी घेतली?

उत्तरासाठी त्याच जिल्ह्यात, पण सुमारे आठशे वर्षे मागे, अजिंठ्याला जावे लागते. अजिंठ्याचे दहावे लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्याच्या बाजूच्या पडव्यांत दगडी वासे कोरलेले आहेत. मधल्या उंच दालनाला मात्र खरे लाकडी वासे बसवलेले होते. ते केव्हाच गेले, त्यांच्या खोबणी तेवढ्या राहिल्या. गेलेले वासे कसे दिसत असतील हे पाहायचे, तर पुणे जिल्ह्यात भाजे आणि कार्ले येथे जावे. तिथे जुने लाकडी वासे अजून जागेवर आहेत. कार्ल्याचे दालन सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि त्याच्या सागवानी फासळ्यांनी सुमारे १९०० पावसाळे पाहिले आहेत. भाज्याचे खांब तर किंचित आत झुकलेले कोरले आहेत. लाकडी इमारतीत कमानदार छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आधीच आत कलते उभे करत असे. कातळात असा रेटाच नसतो, तरी खांब झुकलेलेच! जुन्या लाकडी सभागृहांपैकी आज एकही उभे नाही. त्यांची आठवण दगडाने अशी जपली आहे.

हे काम करणारी माणसे कोण होती? कार्ल्याच्या प्रवेशद्वारापाशी एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, हे 'घराचे मुख' केले, असे तो सांगतो. त्याच्या वडिलांचे नावही त्यात दिले आहे. संस्कृत वर्धकि, प्राकृत वढकी आणि हिंदीतला बढई, हे एकाच घराण्यातले शब्द. आपला 'सुतार' मात्र सूत्रधार या शब्दातून आला : सूत धरणारा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यावरही 'घरमुख' दान दिल्याचा लेख आहे. फरक एवढाच की तिथे दात्याचे नाव आहे, आणि कार्ल्याला ज्याने हाताने काम केले त्याचे. प्राचीन भारतात कारागिराचे नाव असे क्वचितच हाती लागते.

पण सामीला जे येत होते, ते या लेखातून कळत नाही. वेरूळच्या वाशाकडे पुन्हा नीट पाहा. उभा वासा आणि आडवी पट्टी जिथे भेटतात, तिथे सांधाच नाही. पाथरवटाने लाकूडकामाचे बाहेरचे रूप हुबेहूब उतरवले. आत काय असते ते त्याने उतरवले नाही, त्याला तशी गरजही नव्हती. लाकडाच्या सांध्याची गंमतच अशी की तो पुरा झाला की त्याचा महत्त्वाचा भाग झाकला जातो. कारागिराची विद्या त्याच झाकलेल्या भागात असते.

उदाहरणादाखल एकच सांधा घेऊ. घरात एखादी जुनी सागवानी पेटी किंवा टेबलाचा खण असेल, तर त्याचा कोपरा पाहा. एका फळीच्या टोकाला पक्ष्याच्या शेपटीसारखे, टोकाकडे रुंद होत गेलेले दाते असतात; दुसऱ्या फळीचे खुंट त्यांच्यामधल्या जागेत चपखल बसलेले असतात. याला इंग्रजीवरून आपल्याकडेही डव्हटेल म्हणतात, म्हणजे पारव्याची शेपटी. जर्मन आणि फ्रेंच माणसांना त्यात पाकोळीची शेपटी दिसली. इजिप्तमध्ये पहिल्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या, सामानातही हा सांधा सापडला आहे.

इतक्या जुन्या काळी माणसाला याची गरज का भासली? कारण लाकूड सगळ्या दिशांनी सारखे नसते. त्याचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात. त्या दिशेने ताणले तर ते फार मजबूत, आडवे ताणले तर कित्येक पटींनी दुबळे. वाळताना सागवान आडवे ५ टक्क्यांच्या आसपास आकसते, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. शिवाय फळीच्या टोकाला उघडे तंतू असतात. तिथे खिळा नीट धरत नाही आणि सरसही शोषला जातो. तेव्हा दोन फळ्या काटकोनात जोडायच्या आणि खण रोज ओढायचा, तर केवळ खिळ्यावर आणि सरसावर विसंबता येत नाही. डव्हटेलमध्ये खण ओढला की शेपटीचा रुंद भाग खुंटांमध्ये अडतो. ओढण्याच्या दिशेने तो निसटूच शकत नाही. कोपरा चिकटपणावर नव्हे, आकारावर टिकतो. शिवाय दोन्ही फळ्यांचे तंतू असे असतात की त्या रुंदीत बरोबरीने फुगतात आणि बरोबरीने आकसतात. त्यामुळे पावसाळा-उन्हाळा सांधा सैल करू शकत नाही.

शेपटीचा उतार किती ठेवायचा, हा त्रिकोणमितीच्या तासाला देण्याजोगा प्रश्न आहे. सुतारांचा रिवाज मऊ लाकडाला १:६ आणि कठीण लाकडाला १:८ असा आहे, म्हणजे अंदाजे साडेनऊ आणि सात अंश. उतार याहून फार कमी केला तर शेपटी सरकून बाहेर येते. फार वाढवला तर शेपटीच्या कोपऱ्यातले तंतू अगदी आखूड राहतात आणि तो कोपरा कपचीसारखा उडतो.

आता नवशिक्याचा अनुभव. कागदावर हे सगळे दहा मिनिटांत समजते. हाताला मात्र वेळ लागतो. आधी गुण्याने फळीची टोके काटकोनात आहेत का ते पाहायचे. मग दुसऱ्या फळीच्या जाडीइतकी रेघ फळीभोवती मारायची, तीही शक्यतो सुरीच्या टोकाने, कारण पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. शेपट्या आखायच्या, करवतीने कापायच्या, मधला टाकाऊ भाग पटाशीने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा काढायचा. एकाच बाजूने ठोकत गेले तर पलीकडची कड फुटते. मग कापलेल्या शेपट्या दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवून त्यांच्या कडेने खुंट आखायचे आणि ते कापायचे.

विज्ञानाच्या शिक्षकाला रस वाटावा अशी गोष्ट या शेवटच्या पायरीत आहे. पहिल्या फळीवरच्या शेपट्या एकसारख्या नसल्या, एखादी थोडी तिरकी गेली, तरी बिघडत नाही. त्यांच्या बाजू फळीच्या जाडीत सरळ, काटकोनात उतरल्या म्हणजे झाले. दुसरी फळी पहिलीवरूनच आखली जाते, म्हणून पहिलीचा तिरकेपणा दुसरीत आपोआप उतरतो. पण दुसरी फळी कापताना अर्धा मिलिमीटर चुकला तर ती चूक लपत नाही. इथे अचूकपणा सेंटिमीटरच्या पट्टीशी नसतो, जोडीदाराशी असतो. कारखान्यातला कोणताही बोल्ट कोणत्याही नटात बसला पाहिजे. सुताराची ही फळी फक्त तिच्याच जोडीदारात बसते. मोजमापाचे हे दोन अर्थ मुलांना फळ्यावर समजावताना घशाला कोरड पडते.

दुसरी जागा करवतीची. करवतीचे पाते रेघेवर चालवले की चिरेच्या जाडीइतके लाकूड भुसा होऊन जाते. ते टाकाऊ बाजूचे गेले पाहिजे, ठेवायच्या बाजूचे नव्हे. जवळपास प्रत्येक नवशिक्याचा पहिला सांधा इथेच सैल होतो. हे तोंडी शंभरदा सांगता येते, पण समजते ते पहिला सांधा खुळखुळला की.

हे हातातले ज्ञान वर्गात कसे आणायचे, यावर शिक्षकांत दीडशे वर्षे वाद चालू आहे. मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर डेल्ला-व्होस यांनी १८६८ च्या सुमारास सुतारकामाचे तुकडे पाडून सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे बसवले : आज हा सांधा, उद्या तो. सांधा झाला, तपासला, टाकून दिला. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते धडे मांडले गेले आणि अमेरिकन शाळांनी ते उचलले. आपल्या आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रम पाहिला तर घराणे हेच आहे. याच सुमारास स्वीडनमध्ये नेस येथे ओट्टो सालोमन यांनी शिक्षकांसाठी 'स्लॉइड'चे वर्ग चालवले. त्यांचे म्हणणे उलट होते : मुलाने पहिल्या दिवसापासून घरी उपयोगी पडेल अशी वस्तू करावी, आणि शिकवणारा कसबी कारागीर नसून शिक्षक असावा. त्यांच्याकडे देशोदेशीचे शिक्षक येऊन शिकून गेले.

आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. हस्तोद्योग हा निराळा विषय नव्हे, तर सर्व विषय शिकवण्याचे माध्यम, असे त्यांनी मांडले. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांच्या यादीत सुतारकाम घातले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंतर 'कार्यानुभव' हा शब्द आला आणि बऱ्याच शाळांत त्याचा अर्थ कागदी फुले असा झाला. पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून खऱ्या हत्यारांचे आणि खऱ्या कामांचे शिक्षण शाळांपर्यंत नेण्याचे काम केले. असे प्रयत्न आणखी हवेत.

माझ्या मते मॉस्को आणि नेस यांतून एकच निवडण्याचे कारण नाही. पहिले चार सांधे टाकाऊ फळकुटांवर करावेत, पाचव्यापासून खडूचा डबा करायला घ्यावा. डबा चार कोपऱ्यांचा असतो, आणि पहिल्या कोपऱ्यापेक्षा चौथा चांगला झालेला मुलांना स्वतःलाच दिसतो. यात एक घाई आहे, तीही सांगायला हवी. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आले, त्यामागून प्लायवूड घरोघर पोचले. स्वस्त सामान झाले हे चांगलेच, पण डव्हटेल कापण्याचे प्रसंग कमी झाले. नांगर, पाभर आणि बैलगाडीची चाके करणाऱ्या गावोगावच्या सुतारांची कामेही ट्रॅक्टरमुळे आटली. ज्यांच्या हातात हे सांधे आहेत अशी वयस्कर माणसे अजून बहुतेक तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांना शाळेत बोलवावे, खुर्चीवर बसवून सत्कार करण्यासाठी नव्हे, तर पटाशी हातात देऊन.

आणि मुलांचा पहिला सांधा फेकून देऊ नये. तो सरसाने जोडावा, दोन दिवस वाळू द्यावा आणि मग करवतीने मधोमध, फळीच्या जाडीतून कापावा. बाहेरून घट्ट दिसणाऱ्या सांध्याच्या आत कुठे फट राहिली, पटाशी कुठे खोल गेली, कुठला खुंट एकाच बाजूने टेकला, ते सगळे कापलेल्या तोंडावर उघडे पडते. त्या दोन अर्ध्या तुकड्यांवर मुलाचे नाव आणि तारीख घालून ते प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावेत, वेरूळच्या वाशांच्या फोटोशेजारी.