साथीदाराचे स्वातंत्र्य

धानाची कापणी आटोपून दिवाळीनंतरच्या मंडया भरू लागल्या म्हणजे भंडारा जिल्ह्यात गावोगाव नाटकांचे मांडव उभे राहतात. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर खेळ रात्रभर चालतो, आणि पदे अद्यापि प्रत्यक्ष वाद्यांच्या साथीवर म्हटली जातात. जाहिरातीत नटनटींची नावे ठळक अक्षरांनी झळकतात. पेटीवाला वा ऑर्गनवाला रंगमंचाच्या कडेला बसलेला असतो. नटाला सूर देणे, त्याच्या मागोमाग जाणे आणि तो चुकला तर प्रेक्षकांना कळू न देता सावरून घेणे, हे त्याचे काम. अशा साथीदाराच्या अंगी स्वतंत्र रचना करण्याची शक्ती असू शकते काय, आणि असल्यास आयुष्यभराची साथ तिला पोषक होते की मारक, हा प्रश्न रसिकाने एकदा तरी स्वतःस विचारावा असा आहे. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात त्याचे उत्तर ज्यांच्या चरित्रात स्पष्ट मिळते, ते गृहस्थ म्हणजे गोविंदराव टेंबे.

टेंबे यांचा जन्म 1881 साली कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला. कोल्हापूर हे त्या काळी मोठे गानपीठ होते. अल्लादिया खाँसाहेब तेथे दरबारी गायक होते, आणि त्यांच्या गायकीचा टेंबे यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे त्यांना भास्करबुवा बखले यांचा सहवास लाभला. बुवांच्या मैफलींत त्यांनी पेटीची साथ केली, आणि केवळ पेटीच्या स्वतंत्र वादनानेही मैफल रंगविता येते हे लोकांना दाखवून दिले.

हे यश सोपे नव्हते. पेटी हे परदेशातून आलेले वाद्य. तिचे सूर पट्ट्यांत कायमचे बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि मींड हा तर आपल्या गायनाचा प्राण. अर्थात गवय्याची साथ करू इच्छिणाऱ्या पेटीवाल्यास जे वाद्यात नाही ते युक्तीने भासवावे लागते. कणस्वर, मुरकी, खटका, भात्याचा कमीअधिक दाब ही त्याची साधने. शिवाय गवई पुढे कोठे जाणार हे त्याला क्षणभर आधी ओळखावे लागते. दुसऱ्याच्या गळ्याचा इतका बारीक अभ्यास गवय्याचा शिष्यही क्वचितच करीत असेल. शिष्य गुरूसारखा गाऊ पाहतो. साथीदाराला मात्र रोज वेगळ्या गळ्याशी जमवून घ्यावे लागते.

या अभ्यासाचे फळ 1911 साली दिसले. किर्लोस्कर मंडळीने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले, आणि त्याच्या चाली टेंबे यांनी दिल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'पासून नाटककाराने रूढ चाली डोळ्यांपुढे ठेवून स्वतःच पदे रचावी, असा प्रघात होता. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील वळणे यांवरच मुख्य भिस्त असे. नाटककार एक आणि चालींचा कर्ता दुसरा, ही वाटणी 'मानापमाना'ने रूढ केली. टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांची वळणे मराठी पदांत आणली. आमच्या मते ही निवड केवळ हौसेची नव्हती. मुरकी आणि खटका यांवर खुलणारे हे गीतप्रकार पेटीवाल्याच्या बोटांना आधीच वश झालेले होते. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते, धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर. दोघांचे गळे अगदी भिन्न. कोणत्या गळ्याला कोणती चाल शोभेल हे जाणण्याचे शिक्षण टेंबे यांना साथीच्या बैठकीवरच मिळाले होते.

येथून त्यांचा स्वातंत्र्याकडे प्रवास सुरू झाला. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत होते. नट म्हणूनही ते रंगभूमीवर आले. पुढे त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली, पण ती फार काळ तग धरू शकली नाही. दुसऱ्याचा तोल सावरणाऱ्या माणसाला स्वतःची मंडळी चालविणे जमेलच असे नाही, असाही निष्कर्ष कोणी काढील. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचे खरे माप व्यवहारात नाही, रचनेत आहे. 'पटवर्धन' हे नाटक, 'महाश्वेता' आणि 'जयदेव' या संगीतिका त्यांनी स्वतः लिहिल्या. चाल देणारा हात आता शब्दही लिहू लागला. प्रभात कंपनीच्या 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचे संगीत त्यांचे, आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. उसन्या आवाजाची सोय तेव्हा रूढ झालेली नव्हती. जो पडद्यावर दिसे त्यालाच गावे लागे. कडेला बसणारा साथीदार अशा रीतीने पदकार, नट आणि गायक होऊन मध्यभागी उभा राहिला.

या कथेला एक कडवट बाजूही आहे. 1939 साली टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी, 1940 च्या मार्चपासून, आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला. कारण तेच जुने : पेटीला मींड नाही, तिचे बांधीव सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. ही बंदी 1971 साली शिथिल होऊ लागली; टेंबे 1955 सालीच निवर्तले होते. ज्या वाद्यावर त्यांनी आपली कीर्ती उभारली, ते वाद्य त्यांच्या हयातीत त्या दारातून आत गेले नाही.

परंतु वाद्याची उणीव आणि वादकाची उणीव या दोन गोष्टी आहेत. किंबहुना त्या उणिवेनेच टेंबे घडले. जे पट्ट्यांतून निघत नाही त्याचा ध्यास घेतल्यामुळे त्यांचा कान अधिक तीक्ष्ण झाला, आणि पेटीला जे गाता येईना ते त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यांतून, अखेर स्वतःच्या शब्दांतून गाऊन घेतले. साथ ही दुय्यम कला आहे असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. टेंबे यांचे चरित्र सांगते की ती रचनेची पाठशाळा आहे; मात्र तेथून बाहेर पडण्याचे धैर्य शिष्याने स्वतःच दाखवावे लागते. झाडीपट्टीच्या मांडवात पुढच्या हंगामी पेटीवर वा ऑर्गनवर बोटे ठेवणाऱ्या एखाद्या तरुणाला हे धैर्य झाले, तर आपण रसिकांनी त्याला कडेची जागा दाखवू नये, एवढेच आमचे मागणे.