प्राण्यांच्या सांध्यांचा आधार : कुशापासून ब्रेसपर्यंत

मोडलेले हाड बांधणे आणि दुखावलेला सांधा सावरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत हालचाल थांबवावयाची असते. दुसरीत हालचाल चालू ठेवून तिला मर्यादा घालावयाची असते. पाळीव कुत्र्याच्या पायाचे माप घेऊन आज जो ब्रेस करवून घेतला जातो, तो दुसऱ्या क्रियेचे साधन होय. त्याचा इतिहास केवळ उपकरणाचा नाही. कोणत्या प्राण्याचा सांधा सावरण्याच्या योग्यतेचा समजला गेला, याचाही तो इतिहास आहे. आणि त्याचे काही महत्त्वाचे धागे पुणे शहरात एकत्र येतात.

शास्त्राची पूर्वपीठिका जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळणे आणि हाड मोडणे यांचा स्पष्ट भेद केला असून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. बंधनात घालावयाच्या ताठ पट्टीस तेथे ‘कुश’ अशी संज्ञा आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस इत्यादिकांच्या साली व बांबू यांचा त्यासाठी उपयोग सांगितला आहे. खेड्यातील हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या याच प्रकारच्या. बंध सैल राहिला तर सांध्याला स्थैर्य येत नाही आणि घट्ट झाला तर त्वचेस सूज, वेदना व पाक होतो, म्हणून तो मध्यम असावा, असाही तेथे दंडक आहे. हे विवेचन मनुष्याविषयी असले, तरी पुढे प्राण्यांच्या ब्रेसपुढेही हीच अडचण उभी राहिली.

प्राण्यांच्या चिकित्सेचे जुने ग्रंथ मुख्यतः हत्ती व घोडा यांच्याविषयी आहेत. पालकाप्याच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत १८९४ साली छापला गेला. त्यातील एक संपूर्ण स्थान शल्याला वाहिलेले आहे. अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाते. या नावापासूनच घोड्यांच्या वैद्याला ‘सलोत्री’ हा शब्द रूढ झाला आणि छावण्यांतील इंग्रजांच्या बोलीतही तो शिरला. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती घोडदळाच्या व तोफखान्याच्या गरजेपोटी. ग्रंथ असो वा शाळा, दोन्हींच्या मुळाशी राजाचे व सैन्याचे जनावर होते. ज्या घोड्याचा पाय कायमचा गेला त्याच्या वाट्याला बहुधा गोळी येई. यात केवळ निष्ठुरता नव्हती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर पडला की चांगल्या पायाचे खूरही निकामी होते, हा अनुभव त्यामागे होता.

दयेचा प्रवाह याहून वेगळा वाहत होता. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल उसळली आणि १८३४ साली तेथे पांजरपोळ स्थापन झाला. प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी १८७४ साली मंडळी निघाली. परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले व तेथेच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळाने लंगड्या जनावराला मरेपर्यंत चारा दिला. त्याला चालते करणे हे मात्र त्याचे काम नव्हते. कुत्र्याविषयीचा जिव्हाळा मराठी समाजास अपरिचित नव्हता. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहूमहाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखविली जाते. तथापि समाधी बांधणारा जिव्हाळा आणि सांध्याचे माप घेणारी विद्या यांची गाठ अद्याप पडावयाची होती.

ती गाठ मनुष्याच्या उपचारातून पडली. १८५० नंतर प्लास्टरची पट्टी प्रचारात आली. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी मनुष्याच्या पायासाठी योजलेली तारेची चौकट श्रोडर या अमेरिकन पशुवैद्याने १९३० नंतरच्या दशकात कुत्र्यामांजरांसाठी बदलून घेतली. पुण्यात १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. अवयवाचा ठसा घेणे, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती करणे, तीवर साधन बेतणे व शेवटी रुग्णाला चालवून ते दुरुस्त करणे ही अशा कार्यशाळांची रीत होय. प्राण्याचा ब्रेसही याच क्रमाने घडतो. तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा प्रतिकृतीवर बसवितात, सांध्याच्या जागी बिजागरी घालतात, आतून मऊ अस्तर व बाहेरून पट्टे लावतात. थायलंडमध्ये २००६ साली भूसुरुंगाने पाय गमावलेल्या मोशा या हत्तिणीच्या पिलाला कृत्रिम पाय मिळाला तो माणसांचे पाय करणाऱ्या शल्यविशारदाकडून. जयपूरला गाईगुरांसाठी ‘कृष्णा लिंब’ तयार करणारे डॉ. तपेश माथुर मात्र स्वतः पशुवैद्य आहेत.

येथे एका भाषिक प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बैलाने ‘गुडघे टेकले’ असे आपण म्हणतो, पण ते शरीररचनेच्या दृष्टीने त्याचे मनगट असते. कुत्र्याच्या मागील पायात मागे वळलेला गुडघा म्हणून जो दिसतो तो वस्तुतः घोट्याचा सांधा होय. कुत्रा बोटांवर चालत असल्यामुळे टाच उंच राहते. खरा गुडघा पोटाजवळ, कातडीच्या घडीआड असतो. कुत्र्याच्या लंगडण्याचे एक नेहमीचे कारण याच गुडघ्यात असते : आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी पुढचा तुटतो. मालकाने ‘गुडघा’ म्हणून घोटा दाखविला आणि कारागिराने दुरूनच मापे मागवून साधन केले, तर ते भलत्याच सांध्यावर चढते. अनेक भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही बांधून ठेवण्याच्या साधनांना शब्द आहेत. चालविता चालविता आवरणाऱ्या साधनाला घरचा शब्द रूढ नाही. म्हणून ‘बेल्ट’, ‘कॅलिपर’, ‘ब्रेस’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात आणि साध्या कापडी पट्ट्याकडून बिजागरीच्या साधनाची अपेक्षा केली जाते.

ब्रेसची मर्यादाही ओळखली पाहिजे. मनगट व घोटा यांवर तो बरा बसतो. गुडघ्यावर, मांडी खाली निमुळती होत गेल्याने, तो घसरतो. तेथे मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत शस्त्रक्रियाच बहुधा अधिक भरवशाची ठरते. वय किंवा अन्य व्याधीमुळे भूल देणे धोक्याचे असेल तेथे ब्रेसचे मोल वाढते. सैल ब्रेस निरुपयोगी व घट्ट ब्रेस व्रणकारी, हा सुश्रुताचा दंडक पत्र्यालाही लागू आहे.

हत्तीला राजाने सावरले, घोड्याला सैन्याने, गाईला धर्माने. शहरातील सदनिकेत गुळगुळीत फरशीवर घसरणारे कुत्रे यांपैकी कशातच बसत नाही. त्याच्याकडून कोणतेही काम व्हावयाचे नसते. त्याच्या सांध्यासाठी बेतलेले साधन म्हणजे उपयुक्ततेची अट न घालता केलेली चिकित्सा होय. ती चिकित्सा योग्य सांध्यापर्यंत पोहोचावयाची, तर त्या सांध्याला योग्य नाव देण्यापासून आरंभ करावा लागेल.