आळंदच्या बाजारातला गुकूक

दुर्बीण घरीच ठेवा. तुम्ही निघालाय 1470च्या आसपासच्या आळंदला, आणि दुर्बिणीचा शोध लागायला अजून सव्वाशेहून जास्त वर्षं आहेत.

पावसाळा नुकताच सरलाय. बिदरहून येणाऱ्या गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना तुरी वाढल्यात, काळं रान वाळायला लागलंय. तिकडे बिदरच्या तख्तावर बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशाह आहे आणि कारभार महमूद गवान बघतो. ज्याचे फोटो तुम्ही नेहमी काढता तो त्याचा मदरसा मात्र 1472 साली उभा राहायचाय.

आळंदला शेख अलाउद्दीनच्या दर्ग्यापाशी दहा दिवसांचा बाजार भरलाय. जिकडे बघाल तिकडे घोडे. त्यातले कितीतरी अरबस्तानातून गलबतांनी येऊन कोकणच्या बंदरांत उतरलेले. इथे वीस हजार घोडे विकले जातात, असं रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन याने लिहून ठेवलंय. हा गडी चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला. आकडा त्याचा आहे, तुम्ही मोजत बसू नका. पायाखालची लीद पाहून विश्वास बसतो.

एका मोतद्दाराच्या पालापाशी बसा. तो जोंधळ्याची भाकरी पुढे करील. सोबत ठेचा मागू नका, मिरची अजून हिंदुस्थानात आलेलीच नाही.

अंधार पडला की कान टवकारा. निकितीन म्हणतो, आळंदला गुकूक नावाचा पक्षी आहे. तो रात्री ‘कुक-कुक’ ओरडत फिरतो, ज्याच्या घरावर बसेल त्या घरात माणूस मरतो, आणि मारायला जाल तर तोंडातून आग सोडतो. तुम्ही पक्षी ओळखणारे. मनातल्या मनात नावं खोडायला लागता. भारद्वाज? तो दिवसाचा, शिवाय आपल्याकडे त्याचं दर्शन शुभ. रातवा? तो जमिनीवर बसतो, छपरावर कशाला जाईल? पिंगळा? त्याची कलकल अशी घुमत नाही.

तेवढ्यात पडक्या भिंतीवरून खोल, घुमणारा आवाज येतो. मोतद्दार म्हणतो, “वर बघू नगा, मालक. अन् दगूड तर अजाबात मारू नगा. त्यो झेलतंय, नदीवर नेऊन झिजवतंय. दगूड झिजला की माणूस झिजला.”

तुम्ही बघताच. हातभर उंचीचा पक्षी, डोक्यावर पिसांची दोन शिंगं. शृंगी घुबडच असावं. पलीकडचा कुणीतरी मशाल घेऊन धावतो. पक्षी पंख पसरतो, पिसं फुलवतो, होता त्याच्या दुप्पट होतो. मशालीच्या उजेडात नारिंगी डोळे पेटतात आणि चोच कटकट वाजते, चकमक झाडल्यासारखी. घाबरलेलं घुबड शत्रूला असंच दरडावतं. निकितीनच्या कानावर आलेल्या आगीचं मूळ इथेच असेल, असं मला वाटतं. पुढच्या क्षणी ते उडतं, पण पंखांचा आवाज येत नाही. उडण्याच्या पिसांची कड झालरीसारखी मऊ असल्याने हवा फडफडत नाही.

बाजार आहे म्हणजे दाणा आहे, दाणा आहे म्हणजे उंदीर आहेत. घुबड आलं ते त्यांच्या मागावर. साडेपाचशे वर्षांत आळंदचा बाजार बदलला, राज्यं बदलली, पण घुबडावरचा आळ तसाच आहे. ज्वारी-तुरीच्या या पट्ट्यात शेतातले उंदीर फुकटात मारणारा हा राखणदार आजही दगड खातो. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकली जातात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातलं घुबड कुठे दिसलं, तर लगेच वनखात्याला कळवा.